मूळ पाप, जाहीर माफी आणि शब्दांची शुद्धता

गुलामगिरीला अमेरिकेचे ‘मूळ पाप’ म्हणण्याची रीत त्या देशात जुनी आहे. राज्यघटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक आणि चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी १८२० साली एका पत्रात गुलामांच्या व्यापाराला हेच नाव दिले होते. मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते आणि शेवटपर्यंत राहिले. मार्च २००८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा यांनी फिलाडेल्फियात वंशप्रश्नावर भाषण केले, तेव्हा त्यांनीही तोच शब्द उचलला. एक मळेवाला, दुसरा त्या देशाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष होऊ घातलेला. दोघांत जवळपास दोन शतकांचे अंतर आहे, तरीही एका राजकीय अन्यायाचे वर्णन करताना दोघांनाही शब्द सापडला तो धर्मशास्त्रातला.

अमेरिकी सार्वजनिक जीवनात ‘पॉलिटिकल करेक्टनेस’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याच्या मुळाशी हीच उसनवारी आहे, असे अनेक टीकाकार म्हणतात. वंश, लिंग, अपंगत्व, लैंगिकता किंवा धर्म यावरून कोणाचा पाणउतारा होईल असे बोलणे-वागणे टाळावे आणि जो टाळणार नाही त्याला जाब विचारावा, हा त्या प्रकाराचा गाभा. जोसेफ बॉटम या कॅथलिक लेखकाने २०१४ साली आणि जॉन मॅकव्होर्टर या नास्तिक, कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने २०२१ साली स्वतंत्र पुस्तके लिहून जवळपास एकच आरोप केला: हा देव वजा केलेला धर्मच आहे. त्यात पाप आहे, कबुली आहे, पाखंड्यांचा शोधही आहे. आरोप चटकदार आहे आणि बराचसा खराही आहे. मात्र तो तपासायचा तर आधी मूळ ख्रिस्ती कल्पना काय होत्या हे नीट पाहावे लागते, कारण आरोप करणारे त्या बहुधा गृहीत धरूनच पुढे जातात.

ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे केवळ दुष्कृत्य नव्हे. देवाची आज्ञा मोडणे हा अर्थ यहुदी परंपरेतून आलाच होता. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात त्याला आतले दार जोडले. खुनाच्या रांगेत मनातला राग येऊन बसला आणि व्यभिचाराच्या रांगेत वासनेची नजर. सेंट पॉलने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात आणखी एक पायरी गाठली: चांगले काय ते कळते, करायचेही असते, तरी हातून नेमके उलटेच घडते. म्हणजे पाप ही एखादी घटना नसून माणसाची अवस्था आहे.

या अवस्थेचे सर्वांत बारकाईचे वर्णन ऑगस्टीनने केले. आजच्या अल्जीरियात इ.स. ३५४ मध्ये जन्मलेला हा माणूस पुढे हिप्पोचा बिशप झाला. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात त्याने वयाच्या सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. चोरी कसली, तर शेजारच्या झाडावरच्या नासपतींची. रात्री उशिरा टोळक्याने जाऊन झाड झोडपले आणि बरीचशी फळे डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली नासपती होती. मग चोरी का केली? ऑगस्टीनला सापडलेले उत्तर अस्वस्थ करणारे आहे: वाईट करण्यातच गोडी वाटली म्हणून. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. एकटा असतो तर आपण हे केले नसते. सोबत्यांच्या हसण्यात हसू मिसळल्यामुळेच ते घडले. जमावाच्या मानसशास्त्रावर इतके नेमके निरीक्षण इतक्या लवकर क्वचितच कोणी लिहिले असेल.

यातूनच मूळ पापाचा सिद्धांत पक्का झाला. आदामाच्या पतनाचा वारसा प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते. देवाच्या कृपेशिवाय कोणी स्वतःच्या बळावर त्यातून सुटत नाही. ब्रिटनमधून आलेल्या पेलाजियस नावाच्या साधूला हे मान्य नव्हते. माणसाने मनावर घेतले तर तो चांगले वागू शकतो, असे त्याचे साधे म्हणणे. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते मत निषिद्ध ठरवले. आधुनिक वाचकाला पेलाजियसची बाजू जास्त पटण्यासारखी आहे. पण ऑगस्टीनच्या कठोर सिद्धांताला एक समतेची बाजू होती, ती दुर्लक्षिली जाते. पोप आणि भिकारी, राजा आणि गुलाम सारेच सारखे पापी, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा पूर्ण अधिकार कोणालाच नाही.

पाप सर्वांचेच, तर सुटका कशी? प्रारंभीच्या चर्चमध्ये मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत होई. गोणपाट नेसून, राख फासून पापी माणूस उपासनेच्या वेळी वेगळा उभा राही, आणि अशी संधी बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. यातून सम्राटही सुटला नाही. इ.स. ३९० मध्ये थिओडोसियसच्या हुकमावरून थेस्सलोनिका शहरात हजारो लोकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला प्रभुभोजन नाकारले. रोमच्या सम्राटाने राजवस्त्रे उतरवून लोकांसमक्ष प्रायश्चित्त घेतले, आणि मगच त्याला पुन्हा पंगतीत घेण्यात आले.

खासगी पापनिवेदनाची प्रथा आयर्लंडच्या मठांतून सहाव्या शतकापासून युरोपभर पसरली. तिथल्या साधूंनी पापांचे दरपत्रकच तयार केले होते. अमुक पापाला इतके दिवस पाणी-भाकरीवर राहणे, तमुक पापाला इतकी वर्षे उपास. हिशेब रोकडा असला तरी त्याला शेवट होता. दिवस भरले की माणूस मोकळा. १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलेच पाहिजे असा नियम घातला. ऐकलेले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात डांबण्याची शिक्षाही त्याच नियमात आहे. जाळीची खिडकी असलेली लाकडी खोली आली ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या प्रयत्नाने. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो विधी याच घडणीचा. अनुताप, निवेदन, प्रायश्चित्त आणि पापक्षमा अशा त्याच्या चार पायऱ्या. यांतली चौथी पुढच्या तुलनेत सर्वांत महत्त्वाची ठरते.

सद्सद्विवेकबुद्धीची कल्पना या यंत्रणेच्या शेजारीच वाढली आणि अनेकदा तिच्याशी भांडली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी एक विलक्षण भूमिका घेतली: विवेक चुकत असला तरी त्याच्याविरुद्ध वागणे हे पापच. अर्थात चुकीचा विवेक बाळगला म्हणून माणूस निर्दोष ठरतो असे नाही. जे समजून घ्यायला हवे होते ते आळसाने समजून घेतले नसेल, तर तो दोष त्याचाच. १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेपुढे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर विवेकाची साक्ष काढून अडून बसले. पुढे कॅथलिक कार्डिनल झालेले जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ साली लिहिले, की भोजनोत्तर पेला उंचवायचाच असेल तर आधी विवेकाच्या नावाने उंचवू, पोपच्या नावाने नंतर.

मराठी इतिहासात या झगड्याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. नंतर तिथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना चर्चच्या अधिकाराखाली आणण्याचा हट्ट धरला, तेव्हा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितशाहीचे चढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. पाप मान्य, ख्रिस्त मान्य, पण निर्णय स्वतःच्या विवेकाचा, ही ती भूमिका. गंमत अशी की याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली धार्मिक पुनर्जागृतीची लाट आली आणि शेकडो मुली-बायका रडत, ओरडत सर्वांदेखत आपापली पापे कबूल करू लागल्या. विवेक एकट्याचा असतो खरा, पण कबुलीला श्रोते लागतात.

प्रोटेस्टंट पंथांनी धर्मगुरूची जाळीची खिडकी काढून टाकली. माणूस आणि देव यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको, असे ठरले. प्रत्यक्षात त्या रिकाम्या जागी शेजारी येऊन बसले. धर्मसुधारक कॅल्विन यांच्या जिनीव्हात पाद्री आणि चर्चमधले ज्येष्ठ यांची समिती दर आठवड्याला बसे आणि नाच, जुगार, घरगुती भांडणे, जुन्या लॅटिन प्रार्थना अशा बाबींवर लोकांना बोलावून घेई. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत सभासद व्हायचे तर आपल्या अंतःकरणात परिवर्तन कसे झाले हे सर्वांपुढे सांगावे लागे, आणि ते ऐकून मंडळी ठरवत की हा माणूस खरा की दांभिक.

या वातावरणाची काळी बाजू म्हणजे १६९२ चा सेलम गावचा चेटूक खटला. एकोणीस जणांना फाशी दिली गेली, एकाला दगडांखाली चिरडून मारले. त्याच वातावरणाची दुसरी बाजू पाच वर्षांनी दिसली. न्यायाधीशांपैकी एक, सॅम्युएल स्यूअल, यांनी १४ जानेवारी १६९७ रोजी, वसाहतीने जाहीर केलेल्या उपासाच्या दिवशी, बॉस्टनच्या चर्चमध्ये पाद्र्याच्या हाती एक कागद दिला. पाद्री तो वाचत असताना स्यूअल आपल्या जागी सर्वांदेखत उभे राहिले. त्या खटल्यातला दोष आणि लाज आपल्यावर घेतो, लोकांची आणि देवाची क्षमा मागतो, असा त्या कागदाचा आशय होता. त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी कधीच माफी मागितली नाही आणि त्यांचे काही बिघडलेही नाही. स्यूअल यांनी मात्र १७०० साली गुलामगिरीविरुद्ध एक पुस्तिका छापली; न्यू इंग्लंडमध्ये छापलेली तशी ती पहिल्या काही लेखनांपैकी एक. अपराधाची जाणीव माणसाला नुसती वाकवत नाही, कधी कधी कामालाही लावते.

शब्दांच्या शुद्धतेचा आग्रहही त्याच परंपरेतला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठ्यांना अनेकवचनाने आणि लहानांना एकवचनाने बोलावण्याची पद्धत होती. मराठी वाचकाला तू-तुम्ही-आपण हा प्रकार समजावून सांगायला नको. जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर अनुयायी सगळ्यांनाच, अगदी न्यायाधीशालाही, एकवचनात बोलत आणि कोणापुढे टोपी काढत नसत. देवापुढे सारे समान असताना माणसाला खोटा मान देणे हे पाप, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. याच पंथातल्या काही जणांनी १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. सर्वनामांवरून होणाऱ्या आजच्या वादांना हसणाऱ्यांनी क्वेकरांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पापाची कल्पना व्यक्तीवरून समाजव्यवस्थेकडे सरकली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. वॉल्टर रॉशेनबुश हा बाप्टिस्ट पाद्री न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीत काम करत होता. तिथली मुले मरत ती कोणाच्या वैयक्तिक पापाने नव्हे, घरभाडे, मजुरी आणि सांडपाणी यांमुळे, हे त्याला रोज दिसत होते. १९१७ च्या पुस्तकात त्याने येशूला वधस्तंभावर चढवणाऱ्या सहा सामाजिक पापांची यादी दिली: धार्मिक असहिष्णुता, भ्रष्ट सत्ता, न्यायाची विक्री, झुंडवृत्ती, लष्करशाही आणि वर्गीय तुच्छता. बॉटम यांच्या मते आजच्या उदारमतवादी अमेरिकनांचे नैतिक जग म्हणजे हीच यादी, फक्त ख्रिस्त वगळलेली. चर्चमध्ये जाणे सुटले, पण आपण सुटलेल्यांपैकी आहोत की नाही ही धाकधूक मागे राहिली. आपल्याला ही सामाजिक पापे दिसतात, हीच मग आपण सुटल्याची खूण ठरली. कॅथलिक चर्चनेही या दिशेने पाऊल टाकले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ असा शब्द वापरला. मात्र अशा संरचना कोणा ना कोणा व्यक्तीच्या पापातूनच उभ्या राहतात, हे सांगायला ते विसरले नाहीत.

‘पॉलिटिकली करेक्ट’ हा शब्द मात्र धर्मातून आलेला नाही. डाव्या चळवळीत पक्षाची ‘बरोबर’ भूमिका म्हणजे काय, याची जी घोकंपट्टी चाले, तिची थट्टा म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेतले डावे तरुण तो एकमेकांना उद्देशून वापरत. १९८० च्या दशकाअखेर विद्यापीठांनी भाषणाच्या आचारसंहिता केल्या. मिशिगन विद्यापीठाची संहिता १९८८ साली आली आणि १९८९ साली केंद्रीय न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. १९९० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वातावरणावर लेख छापला. १९९१ च्या मे महिन्यात खुद्द अध्यक्ष थोरले बुश मिशिगनच्या पदवीदान समारंभात या प्रवृत्तीवर बरसले. त्याच वर्षी आलेल्या ‘इलिबरल एज्युकेशन’ या गाजलेल्या टीकेचा लेखक दिनेश डिसूझा, मुंबईत एका गोवेकर कॅथलिक घरात जन्मलेला. तोपर्यंत डाव्यांची आपसातली थट्टा उजव्यांचे हत्यार बनली होती. आज स्वतःला पॉलिटिकली करेक्ट म्हणवून घेणारा माणूस सापडणे कठीण आहे. हे नाव लावतात ते विरोधकच, आणि तुलना करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता साम्य आणि फरक पाहू. साम्य आहे ते पाप ही अवस्था मानण्यातले. १९९८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी नकळत असलेला पूर्वग्रह मोजण्याची संगणकी चाचणी प्रसिद्ध केली. शब्द आणि चेहरे यांच्या जोड्या लावायला किती क्षण लागतात यावरून मनातला कल काढायचा, अशी तिची रीत. वंशभेद मनातही नाही असे मानणाऱ्या माणसाला ती सांगते की तो तुझ्या आत आहेच. एकेका माणसाबद्दल ही चाचणी कितपत विश्वासार्ह, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. तिची लोकप्रियता मात्र मोठी. फिलाडेल्फियातल्या एका दुकानात दोन निर्दोष कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाल्यावर स्टारबक्सने २९ मे २०१८ च्या दुपारी अमेरिकेतली ८,००० हून अधिक दुकाने बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण दिले. अटकेशी बहुतेकांचा काडीचा संबंध नव्हता. सर्वांनी मिळून एक दुपार आत्मपरीक्षणासाठी राखून ठेवणे ही प्युरिटन वसाहतींतल्या उपासाच्या दिवसाचीच आवृत्ती.

पहिला फरकही इथेच आहे. ऑगस्टीनचे पाप सर्वांना सारखे होते. नव्या कल्पनेत त्याची वाटणी जन्माने मिळालेल्या गटानुसार होते. कोणावर ओझे जास्त, कोणावर कमी, कोणावर नाहीच. यामुळे एक बाजू कायमची आरोपी आणि दुसरी कायमची फिर्यादी बनते. आपणही याच मातीचे, हा विनय त्यात टिकत नाही.

दुसरा फरक हेतूचा. बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड यांनी पाप कृतीत नसते, मनाच्या संमतीत असते, असे इतके टोकाला नेऊन मांडले की येशूला मारणाऱ्यांनी ते योग्य समजून केले असेल तर त्यांचा दोष केवढा, हाही प्रश्न उभा राहिला. त्यांच्या मतांचा धर्मसभेने निषेध केला, तरी हेतूला महत्त्व देण्याची दिशा युरोपात टिकली. शब्दांच्या शुद्धतेचे आजचे पुरस्कर्ते याच्या नेमके उलट सांगतात: बोलणाऱ्याचा हेतू काय होता हे विचारू नका, ऐकणाऱ्याला काय लागले ते पाहा. या बाबतीत ते अबेलार्डपेक्षा आयरिश साधूंच्या दरपत्रकाला जवळचे आहेत.

तिसरा फरक क्षमेचा. इथे तुलना खरी बोचते. दिग्दर्शक जेम्स गन यांना डिस्नेने जुलै २०१८ मध्ये काढून टाकले. कारण सुमारे दहा वर्षांपूर्वीचे अभिरुचिहीन विनोदी ट्वीट. ते उकरून काढले होते उजव्या गटातल्या लोकांनी, गन यांची ट्रम्पविरोधी मते न आवडल्यामुळे. शुद्धतेचे हत्यार कोणीही वापरू शकतो. गन यांनी माफी मागितली आणि मार्च २०१९ मध्ये त्यांना परत घेतले गेले. ही सुटका झाली कशाने? अनुतापाने, की सहकलाकारांनी जाहीर पाठिंबा दिल्यामुळे, की त्यांच्या चित्रपटांनी पैसा मिळवला होता म्हणून? ठरलेली रीतच नसल्याने उत्तर देता येत नाही. ख्रिस्ती व्यवस्थेत क्षमा करणारा कोण हे ठाऊक होते आणि किती केले म्हणजे पुरे हेही. इथे दुखावलेल्या गटाच्या वतीने ‘झाले, आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पापनिवेदनाचे गुपित धर्मगुरूने थडग्यात न्यायचे असे. इंटरनेटवरची नोंद कोणीही, केव्हाही वर काढू शकतो.

मेलेल्यांची गत आणखी अवघड. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. यादीत जॉर्ज वॉशिंग्टन होते आणि गुलामांना मुक्त करणारे अब्राहम लिंकनही. चोहीकडून टीका झाली आणि काही नोंदी चुकीच्या इतिहासावर आधारल्याचे निघाले, तेव्हा एप्रिलमध्ये ठराव मागे घेतला गेला. मृताला अनुताप करता येत नाही, म्हणून ख्रिस्ती परंपरेने त्याचा निवाडा देवावर सोडला होता. देव नसला की तो शाळा मंडळावर येतो.

इथवरची तुलना जुन्या धर्माला झुकते माप देणारी वाटेल. तिची दुसरी बाजू कडू आहे. पापनिवेदनाच्या खोलीत दोघेच असतात, पापी आणि धर्मगुरू. ज्याचे नुकसान झाले तो तिसरा तिथे नसतोच. चोरी केली असेल तर माल परत कर, असे धर्मगुरू सांगे हे खरे, पण अपमान, मारहाण, अत्याचार यांत परत करायचे काय? २००२ साली ‘बॉस्टन ग्लोब’ने उघडकीस आणले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना वरिष्ठ वर्षानुवर्षे एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत पाठवत राहिले. पाप्याच्या उद्धाराची इतकी काळजी घेणाऱ्या संस्थेला मुले दिसली नव्हती. दुखावलेल्याचे म्हणणे आधी ऐका हा नवा आग्रह, त्याच्या साऱ्या अतिरेकांसकट, या जागी ख्रिस्ती परंपरेला काही शिकवतो.

खुद्द नव्या करारातही या आग्रहाचे बीज आहे. करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेले मांस बाजारात विकायला येई. ते खावे की नाही, यावर पॉलचे उत्तर असे: मूर्ती म्हणजे काहीच नाही, त्यामुळे खाण्यात दोष नाही, पण तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. स्वतःचे बरोबर असतानाही दुसऱ्यासाठी थांबणे, हे सभ्य भाषेच्या आग्रहाचे सर्वांत चांगले रूप आहे. मात्र पॉल रोमकरांना हेही बजावतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. पॉल ज्याला संयम म्हणतो तो स्वखुशीचा आहे. नोकरी जाईल म्हणून जीभ चावणाऱ्याचा विवेक जागा झाला, असे म्हणता येत नाही. अक्वायनस यांच्या हिशेबाने तर पटत नसताना केवळ भीतीने ‘बरोबर’ बोलणारा स्वतःच्या विवेकाविरुद्धच वागत असतो.

एवढे सगळे मान्य केले तरी ‘देव वजा केलेला धर्म’ हे वर्णन अर्धेच राहते, कारण ते फक्त अपराधी वाटणाऱ्यांच्या बाजूने पाहते. शब्द बदलण्याची मागणी दुसऱ्या टोकाकडूनही येते, आणि तिथे पापाचा, अनुतापाचा काही संबंध नसतो. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचे ठरले. दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली, डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली. बहुमताने हरकत फेटाळली गेल्यावर आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. ‘हरिजन’ हा सवर्णांच्या अनुतापातून निघालेला गोड शब्द होता. तो नाकारणाऱ्यांना कोणाचा पश्चात्ताप नको होता, आपले नाव आपण ठरवण्याचा हक्क हवा होता. पॉलिटिकल करेक्टनेस हे नाव अमेरिकेत गाजण्याच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. अमेरिकेतही ‘निग्रो’ शब्द मागे पडून ‘ब्लॅक’ रूढ झाला तो १९६० च्या दशकातल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या आग्रहाने, गोऱ्यांच्या कबुलीजबाबाने नव्हे.

या दोन धारा आज एकाच नावाखाली मिसळल्या आहेत, आणि बरेचसे गोंधळ त्यातूनच होतात. एक धार विचारते, आपण किती पापी? तिच्यात ऑगस्टीन, प्युरिटन आणि रॉशेनबुश आहेत. तिला क्षमेची यंत्रणा लागते आणि ती यंत्रणा हरवल्यामुळे ही धार निर्दय होते. दुसरी विचारते, आम्हाला काय म्हणता? तिला क्षमेची गरजच नाही. नाव बदलले, वागणूक बदलली की तिचे काम झाले. पहिलीवर होणारी टीका दुसरीच्या माथी मारणे हा अन्याय आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो या दुसऱ्या धारेतला. त्यासाठी कोणाला गोणपाट नेसून उभे राहावे लागले नाही.